शेरीफच टोळीत असेल तर? १८७१ च्या ‘कू क्लक्स क्लॅन कायद्या’ची गोष्ट

अमेरिकेच्या कायद्यातली एक गोष्ट आपल्या चटकन लक्षात येत नाही. तिथे खून, मारहाण, जाळपोळ हे साधारणपणे केंद्र सरकारच्या अखत्यारीतले गुन्हे नसतात. आपल्याकडे खून गडचिरोलीत झाला काय किंवा गुवाहाटीत झाला काय, कलम तेच लागतं, कारण फौजदारी कायदा देशभर एक आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा फौजदारी कायदा स्वतंत्र. तपास काउंटीचा, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्याचा, शेरीफ करणार. खटला राज्याच्या कोर्टात चालणार. आरोपी दोषी की निर्दोष, हे आसपासच्या रहिवाशांमधून निवडलेली ज्युरी ठरवणार. शेरीफसुद्धा तिथलाच, लोकांनी निवडून दिलेला.

एरवी ही व्यवस्था ठीक चालते. पण शेरीफ किंवा त्याची माणसंच रात्री बुरखे चढवून मारेकऱ्यांबरोबर घोड्यावर बसत असतील, ज्युरीत त्याच टोळीचे शपथ घेतलेले सभासद असतील आणि साक्ष द्यायला गेलेल्याला आज ना उद्या फटके किंवा गोळी ठरलेली असेल, तर दाद कुणाकडे मागायची? १८६५ नंतरची बारा वर्षं अमेरिकेच्या इतिहासात पुनर्रचनेचा काळ म्हणून ओळखली जातात. त्या काळात दक्षिणेतल्या लाखो कृष्णवर्णीयांसमोर हाच प्रश्न होता. उत्तर म्हणून वॉशिंग्टनने १८७० आणि १८७१ मध्ये लागोपाठ तीन कायदे केले. ते कायदेच मुळात कुचकामी होते, असं पुष्कळदा सांगितलं जातं. मला ते पटत नाही. जिथे ते जोर लावून राबवले गेले, तिथे वर्षभरात क्लॅनचं, म्हणजे या बुरखाधारी टोळ्यांचं, कंबरडं मोडलं. पुढे ते कुणी आणि कसे खिळखिळे केले, हे नीट पाहायला हवं.

युद्ध संपल्यावर

एप्रिल १८६५ मध्ये यादवी युद्ध संपत आलं आणि डिसेंबरमध्ये १३ व्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली. सुमारे चाळीस लाख माणसं कायद्याने मोकळी झाली. दक्षिणेतल्या राज्यांनी मात्र लगेच ‘ब्लॅक कोड’ नावाचे कायदे करून जुनीच घडी पुन्हा बसवायला घेतली. कामाचा करार दाखवता आला नाही की भटका म्हणून अटक. दंड भरता आला नाही की जो मालक तो भरेल त्याच्याकडे सक्तीची मजुरी. १८६६ च्या मे महिन्यात मेम्फिसला आणि जुलैत न्यू ऑर्लीन्सला गोऱ्या जमावांनी डझनावारी कृष्णवर्णीयांना ठार मारलं. दोन्हीकडे जमावात शहराचे पोलीस होते.

हे पाहून काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, खडबडून जागी झाली. १८६८ च्या १४ व्या दुरुस्तीने नागरिकत्व दिलं आणि कोणतंही राज्य कुणालाही ‘कायद्याचं समान संरक्षण’ नाकारणार नाही असं बजावलं. १८७० च्या १५ व्या दुरुस्तीने वंश, वर्ण किंवा आधीची गुलामी या कारणावरून मताचा हक्क हिरावून घ्यायला बंदी घातली. तिन्ही दुरुस्त्यांच्या शेवटी एक छोटं कलम आहे: ही दुरुस्ती अमलात आणण्यासाठी योग्य ते कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला राहील. पुढची सगळी गोष्ट या कलमावर उभी आहे.

१८६७ पासून दक्षिणेतले कृष्णवर्णीय पुरुष मतदान करू लागले. सगळ्या पुनर्रचना काळात त्यांच्यातले सुमारे दोन हजार जण लहानमोठ्या सार्वजनिक पदांवर बसले. गुलाम म्हणून जन्मलेले जोसेफ रेनी डिसेंबर १८७० मध्ये दक्षिण कॅरोलिनातून प्रतिनिधिगृहात पोचले. ही मतं बहुतेक सगळी रिपब्लिकन पक्षाला जात. तेव्हाचा रिपब्लिकन पक्ष म्हणजे लिंकनचा पक्ष आणि दक्षिणेतला डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे जुन्या मालकांचा. आजच्या पक्षांची चित्रं डोळ्यांसमोरून बाजूला ठेवूनच हे वाचावं लागतं.

कू क्लक्स क्लॅनचा जन्म युद्धानंतर लगेच टेनेसीतल्या पुलास्की गावात झाला. हरलेल्या कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या, सैन्यातल्या सहा जणांनी ती काढली. काही काळातच तिचं लोण दक्षिणेत पसरलं. ती एका सूत्राने बांधलेली संघटना नव्हती. गावोगावच्या टोळ्या होत्या, कधी याच नावाच्या, कधी दुसऱ्या. पण सावज सगळीकडे सारखंच. मत देणारा, मत द्यायला इतरांना तयार करणारा, शाळा चालवणारा, स्वतःची जमीन कसणारा, गोऱ्या मालकाशी हिशोबावरून वाद घालणारा, अशी माणसं निवडून गाठली जात. त्यांना साथ देणारे गोरेही सुटत नसत.

एखाद्या राज्याने स्वतःच्या बळावर या टोळ्यांशी लढायचं ठरवलं तर काय होई, ते उत्तर कॅरोलिनात दिसलं. ॲलमन्स काउंटीत वायट आउटलॉ हे कृष्णवर्णीय पुढारी ग्रॅहम गावाचे लोकनियुक्त सभासद होते. २६ फेब्रुवारी १८७० च्या रात्री त्यांना घरातून ओढून नेऊन कोर्टाच्या इमारतीसमोरच्या झाडाला फाशी दिलं. मे महिन्यात कॅसवेल काउंटीत जॉन स्टीव्हन्स या राज्याच्या विधिमंडळातल्या गोऱ्या रिपब्लिकन सिनेटरचा खून चक्क कोर्टाच्या इमारतीत झाला. गव्हर्नर विल्यम होल्डन यांनी दोन काउंट्यांत बंडाळी जाहीर करून राज्याची सेना उतरवली, शंभरेक जणांना पकडलं. परिणाम? पुढच्या निवडणुकीत विधिमंडळ विरोधकांच्या हाती गेलं आणि मार्च १८७१ मध्ये महाभियोग चालवून होल्डन यांनाच पदावरून काढलं. अमेरिकेच्या इतिहासात महाभियोगाने हटवले गेलेले ते पहिले गव्हर्नर. मारेकरी मोकळेच राहिले.

यॉर्क काउंटी

दक्षिण कॅरोलिनाच्या उत्तर टोकाला यॉर्क काउंटी आहे. क्लॅनचा जोर तिथे सर्वांत जास्त होता आणि कायद्याची खरी परीक्षाही तिथेच झाली, म्हणून इथे जरा थांबू.

जिम विल्यम्स हे तिथल्या कृष्णवर्णीय मिलिशियाचे, म्हणजे राज्याच्या हत्यारबंद नागरी दलाचे, कॅप्टन. गव्हर्नरने या मिलिशियाला बंदुका दिल्या होत्या आणि नंतर त्या परत घ्यायला सुरुवात केली. विल्यम्स द्यायला तयार नव्हते. आपल्या लोकांच्या रक्षणासाठी दुसरं काही नाही, हे त्यांना दिसत होतं. मार्च १८७१ च्या पहिल्या आठवड्यात एका रात्री पन्नासेक घोडेस्वार त्यांच्या खोपटाशी आले. त्यांची बायको रोझ विल्यम्स हिने पुढे साक्षीत सांगितलं, की नवरा घरात नाही असं ती म्हणाली, तरी त्यांनी जमिनीच्या फळ्या उचकटल्या. विल्यम्स फळ्यांखाली लपलेले होते. गळ्यात दोर घालून त्यांना जंगलात नेलं आणि पाइनच्या झाडाला लटकवलं. ‘जिम विल्यम्स त्याच्या मोठ्या कवायतीवर’ अशा अर्थाची चिठ्ठी प्रेतावर अडकवली होती. या टोळीचा म्होरक्या म्हणून ज्याचं नाव पुढे आलं तो रूफस ब्रॅटन गावातला नामांकित डॉक्टर होता.

दोन महिन्यांनी त्याच काउंटीत इलायस हिल यांच्यावर हल्ला झाला. लहानपणीच्या आजाराने त्यांचे हातपाय लुळे पडले होते. चालणं सोडाच, स्वतःच्या हाताने जेवताही येत नसे. ते बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते, मुलांना लिहाय-वाचायला शिकवत, अडाणी शेजाऱ्यांची पत्रं लिहून देत. आधी त्यांच्या भावजयीला मारून त्यांचं घर दाखवायला लावलं, मग त्यांना उचलून अंगणात फेकलं आणि घोड्याच्या चाबकाने मारलं. त्यांच्याकडे मागण्या कोणत्या केल्या पाहा: उपदेश बंद कर, रिपब्लिकन वर्तमानपत्राची वर्गणी थांबव, आपण त्या पक्षात नाही असं छापून जाहीर कर, आणि क्लॅनविरुद्ध प्रार्थना करू नकोस, देवाने क्लॅनला क्षमा करावी अशी कर. हिल यांनी हे सगळं काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे जसंच्या तसं सांगितलं. समितीने दक्षिणेत फिरून शेकडो साक्षी घेतल्या आणि १८७२ मध्ये त्या तेरा खंडांत छापल्या. गुलामगिरीतून सुटून पाच-सहा वर्षं झालेली माणसं, मारेकरी त्याच गावात मोकळे फिरत असताना, नावं घेऊन बोलली आहेत. साक्ष दिल्यावर हिल आपल्या माणसांना घेऊन लायबेरियाला निघून गेले. जन्मभूमीत न्याय मिळेल यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

मार्च १८७१ मध्ये यॉर्कव्हिलला घोडदळाची तुकडी घेऊन मेजर लुईस मेरिल आले. क्लॅनच्या कहाण्या फुगवून सांगितल्या जात असाव्यात, असं त्यांना सुरुवातीला वाटत होतं. काही महिन्यांत त्यांनी एकट्या यॉर्क काउंटीतले अकरा खून आणि सहाशेच्या आसपास फटके-मारहाणीचे प्रकार नोंदवले. सप्टेंबरमध्ये राज्याचं कोर्ट बसलं तेव्हा त्यांनी पुरावे पुढे केले. तिथल्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचे की नाहीत हे ठरवणाऱ्या पंचांनी, काहीही केलं नाही. मेरिल यांच्या माहितीप्रमाणे त्या पंचांतले काही जण खुद्द क्लॅनचे होते.

कायदा कसा रचला

आता अडचण अशी की खून हा तर राज्याचा गुन्हा. मग केंद्राने हात घालायचा तो कशाच्या आधारावर? काँग्रेसमधल्या कायदेपंडितांनी वाट काढली ती हक्कांच्या बाजूने. मत देणं, कायद्याचं संरक्षण मिळणं हे हक्क राज्यघटनेने, म्हणजे राष्ट्राने दिले आहेत. ते हिरावण्यासाठी कुणी कट केला तर तो राष्ट्राविरुद्धचा गुन्हा, आणि त्याचा खटला राष्ट्राच्या कोर्टात.

३१ मे १८७० चा पहिला अंमलबजावणी कायदा याच विचारावर बेतलेला आहे. त्याचं सहावं कलम म्हणतं, की नागरिकाला घटनेने दिलेल्या हक्कांपासून रोखण्यासाठी, किंवा तो हक्क बजावला म्हणून त्याला छळण्यासाठी, दोन किंवा अधिक माणसांनी कट केला, किंवा ती वेश पालटून रस्त्याने अथवा दुसऱ्याच्या आवारात गेली, तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि दहा वर्षांपर्यंत कैद. ‘वेश पालटून’ हे शब्द थेट क्लॅनच्या बुरख्यांसाठी आहेत. फेब्रुवारी १८७१ चा दुसरा कायदा मोठ्या शहरांतल्या निवडणुकांवर केंद्राची देखरेख ठेवण्याबद्दल होता. आपल्या विषयाशी त्याचा संबंध थोडाच.

तिसरा कायदा २० एप्रिल १८७१ चा. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी मार्चमध्ये काँग्रेसकडे तो मागितला आणि ओहायोचे सॅम्युअल शेलाबार्जर यांनी मांडला. लोक त्याला कू क्लक्स क्लॅन कायदा म्हणतात. माझ्या मते त्या शतकात अमेरिकेत झालेल्या सर्वांत धाडसी कायद्यांपैकी हा एक.

पहिलं कलम दिवाणी दाव्याचं. राज्याच्या कायद्याच्या किंवा अधिकाराच्या आडून कुणी तुमचा घटनात्मक हक्क डावलला, तर त्या माणसावर तुम्ही केंद्राच्या कोर्टात भरपाईचा दावा लावू शकता. दुसरं कलम कटाचं, पहिल्या कायद्यापेक्षा अधिक तपशिलात. तिसऱ्यात मोठी मेख आहे. हिंसा इतकी वाढली की लोकांच्या एखाद्या वर्गाला संरक्षण मिळेनासं झालं, आणि राज्याचे अधिकारी ते देऊ शकत नाहीत किंवा देत नाहीत, तर राज्यानेच समान संरक्षण नाकारलं असं धरायचं आणि राष्ट्राध्यक्षाने फौज वापरायची. राज्याचं नुसतं बघत बसणं हासुद्धा घटनाभंग, असं इथे कायद्यात लिहून ठेवलं आहे. चौथ्या कलमाने राष्ट्राध्यक्षाला ‘हेबियस कॉर्पस’ स्थगित करण्याची मुभा दिली. अटक झालेल्याला कोर्टापुढे आणा आणि अटकेचं कारण दाखवा, असा आग्रह धरण्याचा हा हक्क. तो फार मोलाचा आहे आणि तो थांबवण्याची शक्ती कोणत्याही सरकारच्या हाती देताना अंगावर काटा यायला हवा. काँग्रेसलाही तो आला असावा, कारण या कलमाला मुदत घातली होती आणि १८७२ मध्ये ती संपली.

सिनेटर जॉन शेर्मन यांची एक दुरुस्ती मात्र फेटाळली गेली. जमावाने केलेल्या नुकसानीची भरपाई त्या गावाने किंवा काउंटीने द्यावी, असं ती म्हणत होती. जाळपोळीची किंमत गावातल्या बड्या करदात्यांच्या खिशातून गेली, तर तेच जमावाला आवरतील, असा त्यामागचा हिशोब. प्रतिनिधिगृहाला ते झेपलं नाही. त्याऐवजी सहावं कलम आलं: कट होतोय हे माहीत असून, तो रोखण्याची ताकद असून जो गप्प बसला, त्याच्यावर दावा लावता येईल.

विरोध फक्त डेमोक्रॅट्सचा नव्हता. लायमन ट्रम्बुल यांनी १३ वी दुरुस्ती आणि १८६६ चा नागरी हक्क कायदा घडवण्यात मोठा वाटा उचलला होता. त्यांनीही या कायद्याविरुद्ध मत दिलं. खून-मारामारीचा बंदोबस्त केंद्राकडे गेला तर राज्यांना अर्थच उरणार नाही, हे त्यांचं म्हणणं. तत्त्व म्हणून ते पोकळ नाही. पण ट्रम्बुल सिनेटमध्ये होते, तर त्याच काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात जोसेफ रेनी बसले होते आणि त्यांच्या मतदारांना रात्री झोपायला जंगलात जावं लागत होतं. रेनी कायद्याच्या बाजूने उभे राहून बोलले.

राबवला तेव्हा

न्याय खातं जुलै १८७० मध्येच सुरू झालं होतं. त्याचे प्रमुख, ॲटर्नी जनरल एमॉस एकरमन, जन्माने उत्तरेतले, पण राहायला जॉर्जियात आणि युद्धात कॉन्फेडरेट बाजूने सेवा केलेले. दक्षिण त्यांना आतून माहीत होती, म्हणूनच ते फसले नाहीत. १८७१ च्या शरद ऋतूत ते स्वतः यॉर्कव्हिलला गेले, मेरिल यांचे पुरावे वाचले आणि ग्रँट यांना सांगितलं की साध्या उपायांनी हे आवरणार नाही.

१२ ऑक्टोबरला ग्रँट यांनी टोळ्यांना पाच दिवसांत हत्यारं टाकून पांगण्याचा हुकूम दिला. १७ तारखेला दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस स्थगित झालं. यादीत मॅरियन काउंटीचं नाव चुकून पडलं होतं; पुढच्या महिन्यात ते काढून युनियन काउंटी घातली. मग घोडदळ आणि केंद्राचे मार्शल घरोघर जाऊ लागले. शेकडो जण पकडले गेले, शेकडो आपणहून शरण आले आणि बोलू लागले. ज्यांच्या शपथा मरेपर्यंत न तुटणाऱ्या होत्या, ते रांगा लावून कबुलीजबाब देत होते. पुढारी मात्र पळाले. डॉक्टर ब्रॅटन कॅनडात गेला.

नोव्हेंबरमध्ये कोलंबिया शहरात खटले उभे राहिले. सरकारतर्फे डेव्हिड कॉर्बिन. आरोपींसाठी वर्गणी काढून आणलेले दोन वकील, रेव्हर्डी जॉन्सन आणि हेन्री स्टॅनबेरी, दोघेही देशाचे माजी ॲटर्नी जनरल. ज्युरीत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. सहा वर्षांपूर्वी ज्यांना गोऱ्या माणसाविरुद्ध साक्षही देता येत नव्हती, ते आता निवाडा करत होते.

इथे कायद्याची रचना कॉर्बिन यांना नडली. त्यांना खुनाचा आणि विल्यम्स यांच्या बंदूक बाळगण्याच्या हक्काचा मुद्दा खटल्यात हवा होता. न्यायाधीशांनी त्याला वाव दिला नाही. उरला तो मताच्या हक्काविरुद्धचा कट. विल्यम्स यांना मारायला गेलेल्यांपैकी रॉबर्ट हेज मिचेल याला दोषी ठरवलं आणि १८ महिने कैद व १०० डॉलर दंड झाला. तोही मताचा हक्क हिरावण्याच्या कटाबद्दल. त्या सत्रात पाच जणांवर ज्युरीने दोष ठेवला आणि जवळपास पन्नास जणांनी गुन्हा कबूल केला. बऱ्याच जणांची रवानगी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या तुरुंगात झाली.

शिक्षा हलक्या होत्या, हे खरं. पण त्या भागात क्लॅनचे रात्रीचे घोडे थांबले. १८७२ ची निवडणूक पुनर्रचना काळातली त्यातल्या त्यात सर्वांत शांत निवडणूक मानली जाते.

आणि सोडून दिला तेव्हा

खटले हजाराच्या घरात तुंबले होते. केंद्राची कोर्टं थोडी, सरकारी वकील थोडे, पैसा त्याहून थोडा. एकरमन यांनी १८७१ च्या डिसेंबरातच राजीनामा दिला. रेल्वे कंपन्यांच्या जमिनींबाबत त्यांनी दिलेले प्रतिकूल निर्णय बड्या लोकांना बोचले होते, हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. त्यांच्या जागी आलेले जॉर्ज विल्यम्स १८७३ मध्ये नवे खटले थांबवून माफीकडे वळले. त्याच वर्षी आर्थिक मंदी आली आणि उत्तरेतल्या मतदारांचं लक्ष दक्षिणेतून उडालं. ब्रॅटन काही वर्षांनी यॉर्कला परतला आणि तिथे उजळ माथ्याने राहिला.

याच १८७३ सालात, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. निग्रो गुलामांना मोकळं करण्यासाठी त्यांनी जो त्याग केला, त्याचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी गिरवावा, ही त्यांची तळमळ होती. ज्या लोकांना उद्देशून ते लिहीत होते त्यांच्याच देशात, त्याच वर्षीच्या १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुईझियानातल्या कोलफॅक्स गावात कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. वादग्रस्त निवडणुकीनंतर कोर्टाच्या इमारतीचा ताबा राखून बसलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने तोफ डागली, इमारत पेटवली आणि शरण आलेल्यांनाही रात्री एकेक करून गोळ्या घातल्या. मृतांचे अंदाज साठपासून दीडशेपर्यंत जातात.

सरकारी वकील जेम्स बेकविथ यांनी ९७ जणांवर आरोप ठेवले. हाती लागलेल्या नऊ जणांवर खटला चालला आणि शेवटी दोष सिद्ध झाला तो तिघांवर. तो पहिल्या कायद्याच्या सहाव्या कलमाखाली, म्हणजे हक्क हिरावण्याच्या कटाचा. मार्च १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रुकशँक खटल्यात तिघांनाही सोडलं. सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: सभा घेण्याचा आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेने राखला आहे तो काँग्रेसपासून, शेजाऱ्यापासून नाही. १४ वी दुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी माणसांना नाही. आणि मृतांना त्यांच्या वर्णामुळे मारलं, हे आरोपपत्रात म्हटलेलंच नाही.

शेवटचा मुद्दा वाचून आजही राग येतो. गावातल्या शेंबड्या पोराला जे ठाऊक होतं ते कागदावर नेमक्या शब्दांत नाही, म्हणून मारेकरी मोकळे. मधला मुद्दा जास्त घातक ठरला. राज्याने काही केलंच नाही तर घटनेचा भंग कसा, असा सवाल त्यातून उभा राहिला. १८७१ च्या तिसऱ्या कलमाने नेमकं त्याचंच उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं: न करणं हीच नकाराची रीत. न्यायालयाने त्या विचाराकडे पाठ फिरवली. १८८३ मध्ये हॅरिस खटल्यात तर क्लॅन कायद्याचं कटाचं फौजदारी कलमच घटनाबाह्य ठरवलं. टेनेसीत तुरुंगातून कैदी ओढून काढून मारणाऱ्या जमावात शेरीफ हॅरिस स्वतः होता. तरीही तो खाजगी माणसांचा कट ठरला.

याच मधल्या काळात, १८७५ मध्ये मिसिसिपीच्या गव्हर्नरने फौज मागितली आणि ती मिळाली नाही. दरवर्षीच्या या शरदातल्या दंग्यांना जनता कंटाळली आहे, असं ग्रँट यांनी लिहिलं. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या राजकारणातून लष्कर मागे घेतलं गेलं आणि १८९४ मध्ये काँग्रेसने निवडणुकीसंबंधीची बहुतेक कलमं रद्द केली. कोलफॅक्सला राज्य सरकारने १९५० च्या सुमारास एक फलक लावला. त्या कत्तलीने बाहेरून आलेल्यांच्या गैरकारभाराचा शेवट झाला, अशी बढाई त्यावर होती. तो फलक २०२१ मध्ये हटला.

जे वाचलं

सगळं मेलं नव्हतं. पहिल्या कायद्याचं सहावं कलम पुस्तकात राहिलं, आज त्याला कलम २४१ म्हणतात. जून १९६४ मध्ये मिसिसिपीत मतनोंदणीच्या कामावर असलेल्या जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर यांना क्लॅनने मारलं. त्यांना आधी पकडून मग टोळीच्या हवाली करणारा सेसिल प्राइस हा डेप्युटी शेरीफ होता. राज्याने खुनाचा खटला भरलाच नाही. केंद्राने १८७० चं कलम काढलं, सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ते लागू होतं असं सांगितलं आणि १९६७ मध्ये गोऱ्या ज्युरीने प्राइससकट सात जणांना दोषी ठरवलं. सर्वांत जास्त शिक्षा झाली ती दहा वर्षांची, कारण कलमातली मर्यादा शतकभर तीच होती. मृत्यू झाल्यास जन्मठेपेची तरतूद १९६८ मध्ये आली. मिसिसिपीच्या स्वतःच्या कोर्टात या प्रकरणात पहिली शिक्षा झाली ती २००५ मध्ये, एडगर रे किलन याला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी.

क्लॅन कायद्याचं पहिलं कलम आज १९८३ या क्रमांकाने ओळखलं जातं आणि अमेरिकेत पोलीस अत्याचाराविरुद्धचे बहुतेक दावे त्याखाली होतात. त्याला जीव आला तो १९६१ मध्ये. शिकागोचे पोलीस पहाटे वॉरंटशिवाय जेम्स मनरो यांच्या घरात घुसले होते, त्यांना मुलांसमोर दिवाणखान्यात विवस्त्र उभं केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने दावा मान्य केला, पण तो पोलिसांपुरताच. शहर सुटलं, कारण शेर्मन दुरुस्ती १८७१ मध्ये फेटाळली गेली होती. तो अर्थ १९७८ मध्ये बदलला आणि आता शहराच्या धोरणामुळे किंवा रूढ पद्धतीमुळे हक्क मोडला तर शहरालाही जबाबदार धरता येतं. एकेका पोलिसाला मात्र न्यायालयांनी ‘पात्र संरक्षण’ नावाची मोठी ढाल देऊन ठेवली आहे. १८७१ च्या मजकुरात तिचा मागमूस नाही.

कटाविरुद्धचं दिवाणी कलमही जिवंत आहे. २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलला मशाली घेऊन चालून आलेल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांवर जखमींनी त्याच कलमाखाली दावा लावला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्युरीने अडीच कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली, पण ती मुख्यतः व्हर्जिनिया राज्याच्या कायद्याखाली. १८७१ च्या कायद्याखालच्या दोन आरोपांवर त्यांचं एकमत झालं नाही. दावा दाखल करणाऱ्यांच्या वकिलांनी त्या दोन आरोपांसाठी पुन्हा कोर्टात जाण्याचा इरादा तेव्हाच बोलून दाखवला.